मे महिन्यात संगणक का दमतो?

अहिल्यानगरच्या हवेचा स्वभाव बाहेरच्या माणसाला लवकर उमगत नाही. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाच्या यादीत या शहराचे नाव वारंवार झळकते आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच शहरात पारा चाळिशी ओलांडतो. दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच जुळवलेला गेमिंगचा संगणक डिसेंबरात डौलाने चालतो. परीक्षा आटोपून मुलगा मे महिन्यात निवांत खेळायला बसतो, तेव्हा तोच संगणक अडखळू लागतो. पडद्यावरचे चित्र झटके देते, चाचणीतले गुण घसरतात. ‘‘पप्पा, प्रोसेसर कमी पडतोय, वरचा घ्यावा लागेल,’’ असे मुलगा म्हणतो आणि दुकानातून नुकतेच आलेले वडील मुकाट्याने बिलांची फाइल काढतात. सहा महिन्यांपूर्वी पंधरा-वीस हजार मोजून घेतलेली वस्तू इतक्यात अपुरी कशी पडली, हा त्यांचा प्रश्न गैर नसतो.

अशा प्रसंगी बहुधा प्रोसेसर बिघडलेला नसतो. तो स्वतःला जपत असतो. त्याच्या आतच तापमान मोजण्याची सोय असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, तर इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची १०० अंश. ही मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही, म्हणून दोष चटकन ध्यानात येत नाही.

यामागचे गणित सोपे आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. त्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना पूर्ण भाराखाली प्रोसेसर ८० अंशांवर स्थिरावत असेल, तर दोहोंतले अंतर ५८ अंशांचे झाले. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की तेच अंतर धरून आकडा ९६ होतो. यंत्र तेच, काम तेच. बदलली ती हवा. मोठमोठ्या संस्थांनाही हा हिशेब चुकलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी खेळवलेले आहे.

व्यापारी घरात काटा तपासल्याशिवाय मालाला नावे ठेवत नाहीत. येथेही तोच रिवाज पाळावा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तापमान आणि वेग दोन्ही दाखवते. ते उघडे ठेवून सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटे चालवावी आणि आकडे कागदावर टिपावेत. मग पेटीचे बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान चांगलेच उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. जाळीवर धूळ साचलेली असेल, पेटी भिंतीला किंवा कपाटाच्या कोनाड्यात चिकटवून ठेवलेली असेल, किंवा पुढचा पंखा उलटा बसून हवा आत घेण्याऐवजी बाहेर फेकत असेल. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत इकडची धूळ महिनाभरात जाळी बुजवते, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको.

झाकण काढूनही फरक पडला नाही, तर कूलर उतरवून पाहावा. नवशिक्याच्या हातून हटकून होणारी चूक तेथेच सापडते: कूलरच्या तळाला चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेलेला असतो. स्क्रूही समोरासमोरचे थोडे थोडे आवळावे लागतात; एकच बाजू आधी घट्ट केली तर कूलर तिरका बसतो. उतरवलेला कूलर पुन्हा बसवताना जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

तापमान ६५-७० अंशांवरच असूनही वेग अपुरा असेल, तर शोध दुसरीकडे वळवावा. रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेले असते, पण मदरबोर्ड ती सुरुवातीला सावधपणे ४८०० वर चालवतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू केल्याशिवाय विकत घेतलेला वेग पदरात पडत नाही. दोनऐवजी एकच रॅम बसवली असेल, तरी खेळांत फरक जाणवतो. विंडोजमधील वीजबचतीची निवड तपासावी. आणि पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली नाही ना, हेही पाहावे. हसू येण्यासारखी चूक आहे, पण जाणत्यांच्या हातूनही होते.

क्वचित दोष खरोखर प्रोसेसरचाच निघतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळाल्याने अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले. त्यावरचा सुधारित मायक्रोकोड त्या वर्षीच्या ऑगस्टपासून बायोसच्या अद्ययावत आवृत्तीतून येऊ लागला आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. तेथे लक्षण मंदपणाचे कमी आणि खेळ मध्येच बंद पडण्याचे अधिक असते. नवी आवृत्ती पुढची झीज थांबवते; झालेली झीज मात्र भरून येत नाही, तेव्हा वस्तू बदलूनच घ्यावी लागते. त्यासाठी खोक्यावरचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती हाताशी असावी लागते, आणि ती बहुधा वडिलांच्या त्याच फाइलमध्ये सापडते.