वजनकाट्यावाचून होडी तोला

डहाणूच्या खाडीत किंवा तलासरी तालुक्यातील झाईच्या किनाऱ्यावर मासेमारीची एक जुनी लाकडी होडी विकाऊ आहे, असे समजा. वरचा रंग ताजा आहे. पण आतल्या लाकडाने किती पाणी शोषले आहे, हे कसे ओळखाल? होडी काही काट्यावर चढवता येत नाही!

येथे आर्किमिडीजचे तत्त्व उपयोगी पडते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. पाण्याच्या रेषेपाशी होडीचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर धरा. ती १ सेंटीमीटर अधिक बुडाली, तर ०.०८ घनमीटर जादा पाणी बाजूस सरते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलोग्रॅम असते. म्हणजे होडीचे वजन ८२ किलोग्रॅमने वाढलेले आहे.

आता त्याच मापाची, तसेच इंजिन असलेली चांगली होडी शेजारी घ्या. दोन्ही रिकाम्या करा, तळातले पाणी उपसा आणि काठ पाण्यापासून किती उंच आहे ते पुढे, मध्ये व मागे मोजा. जुनी होडी सरासरी ३ सेंटीमीटर खोल असेल, तर २४६ किलोग्रॅमचे ओझे तिने आधीच घेतले आहे. तेवढी मासळी कमी भरावी लागेल. नाहीतर लाटेपुढे काठ ठेंगणा पडेल आणि जिवावर बेतेल.

दोन्ही मापे एकाच जागी, एकाच वेळी घ्या. पावसाचे पाणी मिसळले की खाडीच्या पाण्याची घनता घटते आणि कोणतीही होडी थोडी अधिक बुडते.

तेव्हा सौदा ठरण्यापूर्वी रंग पाहू नका, मोजपट्टी लावा!