‘पूना’ आगबोटीचा प्रवासी

घरांतील तरुण मुलगा विलायतेस निघाला म्हणजे घरांत काय धांदल उडते, हें वाचकांस सांगावयास नको. आजी लाडवांचे डबे भरीत असते, वडील कागदपत्रें पुन्हा पुन्हा तपासून पाहतात, आणि डोळ्यांतील पाणी कोणास दिसूं नये म्हणून आई उगाच स्वयंपाकघरांत जाऊन येते. पूर्वीं ही मंडळी बंदरावर जात, आतां विमानतळावर जातात. एवढाच काय तो फरक. परंतु या निरोप देणाऱ्यांत एखादें माणूस असें असतें कीं, ज्याला पुढें होऊन निरोप देतां येत नाहीं. कारण जाणाऱ्याशीं त्याचें जें नातें, त्यास आपल्या नात्यांच्या यादींत नांवच नसतें. अशाच एका निरोपाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती ज्यांची, त्यांनीं ती ६२ वर्षांनीं लिहिली. आणि ती घडली आपल्या मुंबईंत, एका मराठी घरांत.

ही हकीकत रवींद्रनाथ ठाकुरांची आहे. त्यांचा जन्म ७ मे १८६१ रोजीं कलकत्त्याच्या जोडासांको भागांतील एका प्रचंड एकत्र कुटुंबांत झाला. वडील भावंडें, भावजया, पुतणे, आश्रित, नोकरचाकर यांनीं भरलेल्या त्या वाड्यांत हें शेंडेफळ वाढलें. आई १८७५ सालीं वारली. शाळा मुळींच मानवली नाहीं. एकामागून एक शाळा सुटत गेल्या. कविता मात्र वाहत्या झऱ्यासारखी चालली होती. अशा मुलाचें पुढें व्हावयाचें तरी काय, ही चिंता त्या घरासही पडलीच. तेव्हां दुसरे वडील बंधु सत्येंद्रनाथ यांनीं तोड काढली, कीं रवीस विलायतेस न्यावें; बॅरिस्टर होऊन येईल. वडिलांनीं, म्हणजे महर्षि देवेंद्रनाथांनीं, रुकार दिला.

सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्यें शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांत झाली, व या प्रांताशीं त्यांचा स्नेह इतका जडला कीं, तुकोबांचे अभंग त्यांनीं बंगालींत उतरविले. १८७८ सालीं ते अहमदाबादेस न्यायाधीश होते. पत्नी ज्ञानदानंदिनी मुलांसह आधींच इंग्लंडांत गेल्या होत्या. धाकट्या भावास त्यांनीं प्रथम अहमदाबादेस आणलें. साबरमतीच्या कांठीं शाहीबागेंतील जुन्या मोगली वाड्यांत बंधु कचेरीस गेल्यावर हा मुलगा ओस दालनांतून एकटाच फिरे. ‘क्षुधित पाषाण’ या त्यांच्या प्रसिद्ध कथेचें बीज त्याच वाड्यांत पडलें. परंतु एकान्तांत बसून इंग्रजी बोलणें येत नाहीं, आणि साहेबी घरांत वावरण्याची रीत तर त्याहून येत नाहीं. म्हणून सत्येंद्रनाथांनीं त्यांस कांहीं आठवडे मुंबईस आपल्या स्नेह्यांच्या घरीं ठेविलें.

हें घर डॉ. आत्माराम पांडुरंग यांचें. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे हे धाकटे बंधु. १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थनासमाज स्थापन झाला, तो यांच्याच पुढाकारानें. बोलल्याप्रमाणें चालणारांचें तें घर होतें. मुलींस त्यांनीं उत्तम शिक्षण दिलें होतें. त्यांतील अन्नपूर्णा, घरांत व स्नेहीमंडळींत ‘आना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, विलायतेस जाऊन आलेल्या होत्या. पाहुण्यास इंग्रजी शिकविण्याचें काम ओघानेंच त्यांजकडे आलें. रवींद्रनाथ १७ वर्षांचे; अन्नपूर्णाबाई वयानें कांहींशा वडील. विद्यार्थ्यापाशीं गुरूस दाखविण्याजोगी विद्या फारशी नव्हती. एकच धन होतें, तें म्हणजे कविता. आणि त्यांनीं तेंच पुढें केलें. ‘भारती’ मासिकांत आलेलें आपलें ‘कविकाहिनी’ हें काव्य ते त्यांस वाचून दाखवीत व इंग्रजींत त्याचा अर्थ सांगत.

शिकविणारीनें तें धन खरें मानलें, ही या कथेंतील पहिली गोष्ट. ज्या मुलास शाळामास्तरांनीं कुचकामाचा ठरविलें होतें, त्यास एका सुशिक्षित, बहुश्रुत तरुणीनें ‘कवि’ म्हणून हांक मारली. तिनें त्याच्याकडे स्वतःसाठीं एक नांव मागितलें, व त्यानें ‘नलिनी’ हें नांव दिलें; इतकेंच नव्हे, तर तें गुंफून सकाळच्या भैरवीच्या सुरांत एक गाणेंही रचलें. तिनें आणखीही एक मागणें मागितलें होतें: तूं कधीं दाढी राखूं नकोस, चेहऱ्याची रेषा झांकली जाऊं नये. जगास रवींद्रनाथांचें जें चित्र ठाऊक आहे, तें डोळ्यांपुढें आणलें म्हणजे या मागण्याचें पुढें काय झालें तें सांगावें लागत नाहीं.

उतारवयांत दिलीपकुमार रॉय यांच्याशीं बोलतांना रवींद्रनाथांनीं त्या दिवसांतील आणखी एक प्रसंग सांगितला. निजलेल्या मुलीचे हातमोजे जो चोरील त्यास तिचें चुंबन घेण्याचा अधिकार मिळतो, असा एक विलायती संकेत तिनें एके दिवशीं सहज बोलतां बोलतां सांगितला, आणि थोड्या वेळानें आरामखुर्चींत डोळे मिटले. जागी होऊन पाहते तों हातमोजे जेथल्या तेथें! हें ऐकून आज आपण हंसूं. परंतु त्या हंसण्यांत थोडी हळहळही असावी. जोडासांकोच्या वाड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, लाजऱ्या, १७ वर्षांच्या मुलास तें बोलणें कळलें नाहीं, किंवा कळूनही हात पुढें झाला नाहीं. त्या वयांत कांहीं गोष्टी समजावयास लागणारा अवधि सुटीच्या आठवड्यांहून फार मोठा असतो.

२० सप्टेंबर १८७८ रोजीं सायंकाळीं ५ वाजतां मुंबई बंदरांतून आगबोट सुटली. तिचें नांव ‘पूना’. दोघे बंधु तिजवर होते. पहिले सहा दिवस बोट लागून रवींद्रनाथ अंथरुणावरून उठूं शकले नाहींत. पुढें एडन, सुएझ, तेथून आगगाडीनें अलेक्झांड्रिया, पुन्हां बोटीनें ब्रिंडिसी, मग पॅरिस व लंडन करून ते भावजयीकडे ब्रायटन येथें पोंचले. पुढें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत हेन्री मॉर्ले यांच्याजवळ त्यांनीं इंग्रजी वाङ्मय ऐकलें. तेथें ते स्कॉट नांवाच्या डॉक्टरांच्या कुटुंबांत घरच्यासारखे राहिले. आणि निघण्याची वेळ आली तेव्हां, इतक्या लौकर जावयाचें तर आलास तरी कशाला, म्हणून त्या घरची गृहिणी रडली. १८८० च्या आरंभीं ते परत आले, ते बॅरिस्टरीवांचूनच.

ज्या हेतूनें घर सोडलें तो हेतु अशा रीतीनें फसला. परंतु पेटींत न भरलेलें कांहींतरी बरोबर आलें होतें. १८८१ सालच्या ‘भग्नहृदय’ या काव्यांत नलिनी नांवाचें पात्र आहे. १८८४ सालच्या एका नाटकाचें तर नांवच ‘नलिनी’.

आणि मुंबईस मागें राहिलेल्या अन्नपूर्णाबाई? बोट सुटल्यावर दोन महिन्यांनीं त्यांनीं रवींद्रनाथांचे बंधु जोतिरिंद्रनाथ यांस एक पत्र लिहिलें. ‘कविकाहिनी’चें पुस्तक त्यांनीं पाठविलें होतें, त्याची ही पोंच. हें काव्य आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें जवळजवळ पाठ झालें आहे, अशा अर्थाचें त्यांत लिहिलें आहे. पत्र सभ्य आहे, मोजकें आहे. पण परक्या भाषेंतील कविता उगाच कोणाची पाठ होत नाहीं! त्यांचा विवाह बडोद्यास अध्यापन करणाऱ्या हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशीं झाला. पुढें त्या पतीबरोबर ब्रिटनमध्यें गेल्या व १८९१ सालीं एडिंबरो येथें वारल्या. गेला तो परत आला. राहिली ती गेली, आणि परतली नाहीं. प्रवासाचीं वर्णनें आपण जाणाऱ्याचीं वाचतों. परंतु मागें राहणारासही पुढें स्वतःची बोट गांठावी लागते, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

रवींद्रनाथांचें लग्न १८८३ सालीं झालें. संसार, मुलें, पत्नीचा १९०२ सालचा मृत्यु, शान्तिनिकेतन, जगाची कीर्ति, हें सर्व येऊन गेलें. आणि १९४० सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, ‘छेलेबेला’ हें बालपणच्या आठवणींचें पुस्तक लिहितांना ते पुन्हां त्या मुंबईच्या घरांत शिरले. मुलीचें नांव त्यांनीं लिहिलें नाहीं. तेवढी मर्यादा राखली. परंतु बाकी कांहीं लपविलें नाहीं. तें मागणें आपण पाळलें नाहीं, आणि ती अवज्ञा चेहऱ्यावर दिसूं लागण्यापूर्वींच ती या जगांतून गेली होती, हें त्यांनीं लिहून ठेविलें. आपल्या वडाच्या झाडावर एखाद्या वर्षीं अनोळखी पांखरें येऊन उतरतात, ओळख पटते न पटते तोंच उडून जातात, तशीं कांहीं माणसें आयुष्यांत न मागतां येतात आणि मनाचा विस्तार वाढवून जातात, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं तेथें काढले आहेत.

प्रस्तुत लेखकास या आठवणींत जें मोलाचें वाटतें तें हें. तरुणपणच्या अशा ओढीकडे मागें वळून पाहतांना आपण बहुधा दोहोंपैकीं एक करतों: ‘पोरपणा झाला!’ म्हणून ती हंसण्यावारी नेतों, नाहीं तर तीच खरी होती आणि पुढचा सारा संसार व्यर्थ, असें मनाशीं घोकीत बसतों. पहिल्यांत त्या माणसाचा अपमान आहे. दुसऱ्यांत ज्यांच्याबरोबर आपण जन्म काढला त्यांचा. रवींद्रनाथांनीं दोन्हीही केलें नाहीं. त्या स्नेहास त्यांनीं कधीं हलकें लेखलें नाहीं, कीं त्यावर मागाहून हक्कही सांगितला नाहीं. त्यांनीं फक्त ऋण मान्य केलें. मात्र मान्य करते वेळीं तें ऐकावयास अन्नपूर्णाबाई नव्हत्या. त्यांस जाऊन ४९ वर्षें झालीं होतीं.

आपल्या घरींही कोणी आजोबा किंवा काका असतील, कीं जे तरुणपणीं एक पेटी घेऊन बोटींत किंवा विमानांत चढले. कोणी आत्या असतील, कीं ज्यांनीं तें दुरून पाहिलें. त्यांच्या आठवणी कोणी खणून काढाव्या असें सुचविण्याचा हेतु नाहीं. परंतु एखाद्या संध्याकाळीं तीं माणसें आपण होऊन बोलूं लागलीं, तर नातवंडांनीं हंसूं नये व सुनांनीं विषय बदलूं नये, एवढीच विनंति आहे. आणि ज्यांचें ऋण आहे तें माणूस अजून ऐकावयास असेल, तर दोन ओळींचें पत्र लिहिण्यास ६२ वर्षें थांबूं नये.