सहा वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षं

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. राज्याच्या क्षेत्रफळाची त्यांच्यात वाटणी केली, तर एकीच्या वाट्याला तीन चौरस किलोमीटरही येत नाहीत. रायगडमधल्या कर्जतच्या ठाकूरवाड्या, खालापूरच्या कातकरवाड्या धरून हे सगळं जाळं करोनामुळे मार्च २०२० मध्ये एकदम बंद झालं. मुलं पुन्हा एकत्र बसून शिकू लागेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली.

अंगणवाडी बंद झाली तेव्हा चार वर्षांचं असलेलं मूल २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत गेलं. त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा अंगणवाडीविना गेला होता. पंचेचाळिशीच्या माणसाला हाच हिस्सा १५ वर्षांचा पडेल. ऑगस्ट २०२१ मध्ये युनिसेफने सांगितलं, की शाळेच्या पहिल्या दिवसाची वाट पाहणारी मुलं जगात १४ कोटी आहेत. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्याही एवढी नाही.

पोटाची सोय सरकारने केली, ते श्रेय द्यायलाच हवं. गरम आहाराऐवजी गहू, डाळ, हरभरा, तिखट, हळद, मीठ घरी पोचलं. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस आजाराची भीती बाजूला ठेवून वाड्यावाड्यांवर फिरल्या. या आहाराचा खर्च एका मुलामागे दिवसाला ८ रुपये, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे २,४०० रुपये.

शिकणं मात्र मोबाइलवर गेलं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. फोन असलाच तर तो बापाच्या खिशात. सेविकांना मिळालेले फोनही इतके कुचकामी, की ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ते राज्यभर सरकारला परत केले.

अंगणवाड्यांना कुलूप असतानाच, २९ जुलै २०२० रोजी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं त्यात लिहिलं आहे. वर्षभराने उपाय आला तो ‘विद्याप्रवेश’: पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातून तयारी. चोवीस महिन्यांचं तीन महिन्यांत भरून काढायचं, म्हणजे रोज आठ दिवसांचं शिकायचं!

राज्याने २०२२ मध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या तयारीसाठी ‘पहिले पाऊल’चे मेळावे घेतले. रेषेवरून चालणं, कागद फाडणं, वस्तूंचे गट करणं, चित्र पाहून बोलणं. आणि पुढे घरी हेच करून घ्यायला आयांचे गट. मला हे माता गटच सगळ्यात मोलाचे वाटतात. पण पहिला मेळावा एप्रिलमध्ये झाला, आणि भट्टीवरची कुटुंबं परततात पावसाच्या तोंडावर. त्यांच्या मुलांसाठी हेच काम निदान वर्षभर, रोज, वाडीतच चालायला हवं होतं.