मुंबईत घडलेली, बंगळुरूची झालेली अभिनेत्री

नट त्याच्या मातृभाषेतच घडतो, अशी आपली पक्की समजूत आहे. अरुंधती नाग यांची कारकीर्द पाहिली की ही समजूत अपुरी वाटू लागते. १९५६ साली दिल्लीत जन्मलेली ही मुलगी दहाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईत आली, ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या संपर्कात आली आणि सत्तरच्या दशकात गुजराती, मराठी, हिंदी अशा तिन्ही रंगमंचांवर उभी राहिली. तो काळच तसा होता. बिलासपूरहून आलेले सत्यदेव दुबे मराठीतही नाटकं बसवत होते आणि दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा मिळाली होती. अशा वातावरणात नट एक गोष्ट लवकर शिकतो: शब्द बदलले तरी समोरच्या पात्राचं ऐकणं, थांबणं आणि उत्तर देणं या गोष्टी बदलत नाहीत.

होन्नावरचे नट-दिग्दर्शक शंकर नाग त्यांना याच मुंबईत भेटले. लग्नानंतर दोघं बंगळुरूला आले आणि ‘संकेत’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही नाटकं या संस्थेने कन्नडमध्ये आणली. मुंबईच्या रंगभूमीवर मिळालेली शिदोरी बंगळुरूच्या प्रेक्षकांपर्यंत पोचली ती अशी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भाषा म्हणजे नुसते शब्द नव्हेत. हेल, उच्चार, घरगुती बोलण्यातली लय लहानपणापासून अंगात मुरावी लागते. बाहेरून आलेला नट त्या भाषेत पाहुणाच राहणार. हे खरं आहे; पण पाहुणेपण मेहनतीने ओसरतं. याचं उदाहरण म्हणजे गिरीश कार्नाडांचं ‘ओडकलु बिंब’ हे नाटक. त्यात इंग्रजी कादंबरीमुळे एकाएकी प्रसिद्ध झालेल्या कन्नड लेखिकेला पडद्यावरची तिचीच प्रतिमा उलटतपासणीचे प्रश्न विचारते. पडद्यावरचा चेहरा आधीच चित्रित झालेला. रंगमंचावरची अभिनेत्री अडखळली तरी तो थांबत नाही. त्याने सोडलेल्या नेमक्या जागेत तिचं वाक्य बसलं पाहिजे. वाक्याची लांबी भाषेगणिक बदलते, म्हणजे श्वासही नव्याने बांधावा लागतो. ही भूमिका अरुंधती यांनी कन्नड आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केली. नुसत्या पाठांतरावर हे निभावत नाही.

३० सप्टेंबर १९९० रोजी शंकर नाग अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती यांनी चिकाटीने उभारलेलं ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह २००४ मध्ये जे. पी. नगरात सुरू झालं. इमारतीच्या व्यापात एका अभिनेत्रीची ऐन उमेदीची वर्षं खर्ची पडली, असं कुणी म्हणेल. पण या नाट्यगृहाचे नियम पाहा: सोमवार वगळता रोज नाटक, संस्थांना परवडणारं भाडं, कन्नडबरोबर इतर भाषांनाही जागा आणि प्रयोग सुरू झाल्यावर कुणालाही प्रवेश नाही. उशिरा आलेल्याच्या हालचालीने रंगलेला प्रसंग कसा विस्कटतो, हे रंगमंचावर उभं राहिलेल्यालाच पक्कं ठाऊक असतं. त्यांच्यातली अभिनेत्रीच इथे व्यवस्थापक झाली आहे. म्हणून मराठी रंगभूमीने यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहारी आहे. अनेक भाषांत सहज वावरणारे असे नट हवे असतील, तर अनेक भाषांना एकाच छताखाली स्वस्तात प्रयोग करता येतील अशी नाट्यगृहं आपल्याला उभारावी आणि टिकवावी लागतील.