‘ओपन सोर्स’मध्ये योगदान द्यायचंय? कोडिंग येत नसले तरी चालेल!

अमळनेर : १९४५ मध्ये अमळनेरमध्ये वनस्पती तूप तयार करणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी सुरू झाली. पुढे तीच ‘विप्रो’ या नावाने सॉफ्टवेअर क्षेत्रात जगभर पोहोचली. आजही येथील विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी हवी असेल, तर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागते. मात्र, ‘ओपन सोर्स’ प्रकल्पात काम करण्यासाठी गावही सोडावे लागत नाही आणि पदवीही दाखवावी लागत नाही.

ओपन सोर्स म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे वाटता येतो, ते ओपन सोर्स. १९९१ मध्ये सुरू झालेले लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी हीदेखील ओपन सोर्सच.

सुरुवात कशी करावी?

- रोज वापरात असलेले सॉफ्टवेअर निवडावे. त्यातल्या अडचणी आधीच माहीत असतात.
- प्रकल्पाची ‘रीडमी’ आणि ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ ही पाने पूर्ण वाचावीत. नियम तिथेच असतात.
- गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण असलेली कामे नवख्यांसाठी राखलेली असतात. त्यातले एक छोटे काम निवडावे.
- प्रकल्पाची स्वतःची प्रत, म्हणजे ‘फोर्क’ तयार करून त्यात बदल करावा, तपासावा आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवावी.
- प्रकल्प सांभाळणारे ‘मेंटेनर’ बदल तपासतात. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करून तीच रिक्वेस्ट पुन्हा अद्ययावत करावी.

हा संवाद बहुधा इंग्रजीत होतो. मात्र, साधी आणि छोटी वाक्ये पुरेशी असतात.

कोडिंग येत नसेल तर?

काही कामे मराठी माणसालाच जमतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक फॉन्ट नीट दाखवतो का? मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात की हिंदी वळणाचे? परदेशातल्या प्रोग्रामरच्या हे लक्षात येणे कठीण. अशी चूक दिसल्यास स्क्रीनशॉट, सॉफ्टवेअरची आवृत्ती, काय केल्यावर चूक दिसली आणि काय दिसायला हवे होते, एवढे लिहून ‘इश्यू’ नोंदवावा. तेही योगदानच.

फायरफॉक्सचा मराठी अनुवाद ‘पॉन्टून’वर सुचवता येतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’साठी मोबाइलवरूनच मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो. बोललेले ओळखणाऱ्या प्रणाली घडवण्यासाठी हा संग्रह सर्वांना खुला आहे. खान्देशच्या अहिराणीलाही आंतरराष्ट्रीय भाषा-यादीत ‘एएचआर’ हा स्वतंत्र संकेत आहे. सॉफ्टवेअरमध्ये भाषा जोडताना असा संकेत उपयोगी पडतो. पुढचे काम ती भाषा बोलणाऱ्यांचे.

काय टाळावे?

‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टसाठी अनेकांनी निरर्थक रिक्वेस्टचा पाऊस पाडला. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना नियम बदलावे लागले. केवळ रीडमीत एखादा शब्द घुसडणे, किंवा स्वतःला न समजलेला, एआयने लिहिलेला कोड तसाच पाठवणे टाळावे. तपासणाऱ्यांपैकी अनेक जण स्वयंसेवक असतात. उत्तराला उशीर झाला, तर काही दिवस थांबून एकदा नम्रपणे विचारावे.

फायदा काय?

पैसे मिळतीलच असे नाही. पण स्वीकारलेला प्रत्येक बदल नावासह जाहीर नोंदीत राहतो. मुलाखतीत ‘काय येते?’ असे विचारले, तर प्रमाणपत्राऐवजी केलेले काम उघडून दाखवता येते.