सांडायला पाणी कुठे आहे?

विद्यार्थ्यांनी समाजासाठी काही करावे, असे आपण सगळेच म्हणतो. पण ते करताना विद्यार्थी शिकतो केव्हा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मला त्याचे उत्तर एका खड्ड्याने दिले. तीच गोष्ट आज सांगतो.

बी. ए.ला असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. सुरुवातीला तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. मी नव्हे, तर तुम्ही, हे तिचे ब्रीद.

आमचे शिबिर मुकुटबनजवळच्या एका कोलाम पोडावर होते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घरोघरी शोषखड्डे करायचे, हे आधीच ठरले होते. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर वाळू. सांडपाणी त्यात मुरते, डबके साचत नाही, डास कमी होतात. काम चांगलेच होते. आम्ही गाणी म्हणत घमेली उचलू लागलो.

तिसऱ्या दिवशी एक आजी खड्ड्याच्या काठावर येऊन बसली आणि काहीतरी बोलली. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. आम्हाला एक अक्षर कळेना. आमच्या घरची बोली उर्दूमिश्रित हिंदी. शाळेतली मराठी मी अडखळत शिकलो. दुसऱ्याच्या भाषेत उभे राहणे काय असते, ते मला ठाऊक होते. तरी या पोडाची भाषा वेगळी असेल, हे येण्याआधी माझ्याही मनात आले नव्हते. शेवटी चौथीतला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “आजी म्हन्ते, सांडाले पानी कुठी हाय?”

आमची घमेली जागीच राहिली. पोडातल्या बाया नाल्याच्या झिऱ्यातून गुंडाने पाणी आणीत. थेंबन् थेंब वापरला जाई. मुरवायला पाणी उरतच नव्हते, आणि आम्ही तीन दिवस खड्डे खणत होतो!

त्या रात्री सरांनी करमणुकीचा कार्यक्रम बाजूला ठेवला. म्हणाले, “आज काय केले ते सांगू नका. काय कळले ते सांगा.” शिबिर माझ्यासाठी तिथे सुरू झाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बायांबरोबर झिऱ्यावर गेलो. कोणत्या घरी किती गुंड लागतात, एका खेपेला किती वेळ जातो, ते लिहून काढले. दुभाषा तोच चौथीतला मुलगा. अर्ज तयार झाला, तेव्हा आमच्यातला एक मित्र म्हणाला, “मी कचेरीत नेऊन देतो.” सरांनी त्याला थांबवले. “तू चार दिवसांनी घरी जाशील. ज्यांचे पाणी, अर्ज त्यांच्या हाती असू दे.” पोडातल्या दोन बाया अर्ज घेऊन गेल्या. नेतृत्व म्हणजे सर्वांच्या पुढे चालणे, अशी माझी समजूत होती. योग्य वेळी बाजूला होणे हेही नेतृत्वच, हे त्या दिवशी कळले.

श्रमाबरोबर विचार हवा, हे आमच्या भागाला नवे नाही. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथेही कुदळीच्या जोडीला चर्चा असते. नुसत्या कुदळीने हाताला घट्टे पडतात. डोळे उघडायला बसून बोलावे लागते.

हे आज सांगायचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात समाजसेवेच्या उपक्रमांना श्रेयांक देण्याचे सुचवले आहे. ही चांगलीच गोष्ट. पण श्रेयांक आले की तास मोजले जातात, छायाचित्रे काढली जातात, वही भरते. गावाला काय मिळाले, ते त्या वहीत येईलच असे नाही. म्हणून शिक्षकांना आणि मुलांना माझे सांगणे एवढेच: काम ठरवण्याआधी गावाला विचारा, तेही त्याच्या भाषेत. रोज संध्याकाळी तासभर बसून काय कळले ते बोला. निघताना काम गावाच्या हाती द्या. आणि वर्षभराने एकदा परत जा. आपले काय चुकले, हे बहुधा त्या दुसऱ्या खेपेलाच दिसते.

आमच्या पोडाचा अर्ज लगेच मंजूर झाला नाही. बायांना पुन्हा पुन्हा जावे लागले. दोन उन्हाळ्यांनंतर हातपंप आला. मी पाहायला गेलो, तेव्हा पंपाच्या ओट्यावरून पाणी वाहत होते आणि शेजारी एक नवा शोषखड्डा होता. तो पोडातल्या लोकांनी स्वतःच खणला होता.