हलकी ॲडव्हेंचर बाइक निवडताना

दिल्लीकराने सीसीआधी वजन पाहावं. अरवलीच्या खडकाळ पायवाटेवर आडवी झालेली गाडी एकट्याने उचलायची असते! हिरो एक्सपल्स 210 साधारण 170 किलोची, तर हिमालयन 450 तब्बल 196 किलोची. एक्सपल्सचं 21 इंची पुढचं चाक खड्ड्यात अडकत नाही, जमिनीपासूनचं 220 मिलिमीटर अंतर दगड चुकवतं. सीट मात्र उंच. कमी उंचीच्या माणसाने शोरूममध्ये बसून पाय टेकतात का ते बघावंच. जयपूर हायवेवर तासन्तास पळवायची असेल तर जड हिमालयन बरी. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदीच आहे, त्यामुळे वेगाचा हव्यास कशाला? माझं मत एक्सपल्सला. ती हिमालयनपेक्षा स्वस्तही आहे; वाचलेले पैसे हेल्मेट, बुटांवर घाला.